काढणीआधी बंद केलेली गोळी

आमच्या गल्लीत कुणाला शिंक आली तरी दिनकरअण्णा त्याच्याकडे वेलीचं पान उलटं करून बघावं तसे बघायचे. मान तिरकी, डोळे बारीक, आणि मग निदान. "ही भुरी न्हवं गड्या, ही डावण्याची सुरवात हाय." भुरी आणि डावण्या हे द्राक्षावरचे रोग. तासगाव भागात ते लहान पोरांनाही माहीत असतात. अण्णा ते माणसांना लावत. शेजारच्या नव्या सुनेचं सासूशी पटेना, ती भुरी. वेळेत दिसली तर आटोक्यात येते. बापूकाकांचं पोरगं दहावीला गणितात गेलं, तो डावण्या. पाऊस होऊन गेल्यावर फवारून उपयोग नाही.

मी हे लिहायला बसले खरी, पण वाचणाऱ्याला अण्णा नुसते विनोदी वाटतील अशी भीती वाटते. मला त्यांचं जे लक्षात राहिलंय ते सगळं आधी हसूच आणतं. मी काय करू?

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. रोज एस.टी.नं सांगलीला जायचे, बी.कॉम. करायचे. पण गल्लीच्या लेखी कॉलेज म्हणजे कॉलेज. त्यात कॉमर्स, सायन्स असं काही नसतं. त्यामुळे इंग्रजी मेसेज, बियाण्याची पिशवी, कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट, सगळं वाचायला माझ्याकडे यायचं. अण्णा तर मला नावानं हाकच मारत नसत. "ए कॉलेज, हिकडं ये," एवढंच.

त्यांची बाग एक्स्पोर्टची. बागेच्या बाबतीत अण्णांइतका आज्ञाधारक माणूस मी पाहिला नाही. द्राक्षाचे सल्लागार महिन्यातून एकदा गाडीतून यायचे, आणि ते सांगतील त्यात अण्णा तसूभर बदल करायचे नाहीत. अमुक औषध तमुक पाण्यात म्हटलं की तेवढंच. "डोस म्हंजे डोस," ते म्हणायचे, "त्यात आपली अक्कल घालायची न्हाई." स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र ते पूर्ण उलटे होते. ताप आला तर मागच्या वर्षीच्या तापातल्या उरलेल्या गोळ्या, त्याही कुणाच्या उरल्यात ते न विचारता. वेलीला सल्लागार लागतो, माणूस काय आपोआप वाढतो, असं त्यांचं मत असावं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना अण्णा आजारी पडले. म्हणजे तेव्हा कुणी त्याला आजार म्हणत नव्हतं. त्या साली माल चांगला आला होता, दरही बरा मिळाला होता. आणि काढणी संपल्यावर अण्णा खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले ते उठेनातच. बागेत जाईनात. दाढी करीनात. व्यापाऱ्यांचे फोन वाजून बंद पडायचे.

गल्ली गोंधळली. एखाद्याची बाग गारपिटीत गेली असती तर खाटेवर पडायला त्याला सगळ्यांनी परवानगी दिली असती. पण माल चांगला, दर चांगला, पोरगी शहाणी, बायको गुणी, आणि हा माणूस रडतोय कशासाठी? हे कुणाला पटेना. मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. प्रत्येक जण चहा पिऊन एक उपाय सांगून जायचा. एकानं गार पाण्याची आंघोळ सांगितली. एकानं जागा बदलायला सांगितली, म्हणजे खाट उत्तरेकडून पूर्वेकडे. बापूकाका तर रोज यायचे आणि खाटेच्या कडेला बसून ओरडायचे, "आरं, मनाला लावून घ्यायचं न्हाई! सोडून द्यायचं!" काय सोडून द्यायचं ते बापूकाकांनाही माहीत नव्हतं, पण आवाज मोठा होता.

शालनकाकू, म्हणजे अण्णांची बायको, सगळ्यांना चहा देत होत्या. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "तुझ्या कॉलेजजवळ त्या डॉक्टरबाईचा बोर्ड हाय न्हवं? मनाच्या? आमास्नी घिऊन चल. ह्यास्नी म्या डोळं तपासायचं म्हनून सांगितलंय."

सांगलीत त्या दवाखान्यासमोरून आम्ही आधी पुढं गेलो, मग परत मागं आलो, मग पुन्हा पुढं गेलो. कारण समोरच्या रसवंतीत गावाकडचं कुणीतरी ऊसाचा रस पीत बसलं होतं. त्याचा ग्लास रिकामा होईपर्यंत आम्ही शेजारच्या दुकानात भांडी बघितली. काकूंनी नाइलाजानं एक झारा घेतला.

डॉक्टरबाईंनी अण्णांशी बराच वेळ बोलून गोळी लिहून दिली. रोज एक, सकाळी नाश्त्यानंतर. मग समजावून सांगितलं. फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी थोडे जास्तही लागतील. सुरुवातीला मळमळेल, तोंडाला कोरड पडेल, झोप कमीजास्त होईल. बहुतेकांचं ते थोड्या दिवसांत कमी होतं. गोळीनं कसं वाटतंय ते कळेपर्यंत ट्रॅक्टर चालवायचा नाही. दारू नको. दुसरं कुठलंही औषध, अगदी गुडघेदुखीचंही, विचारल्याशिवाय नको. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अस्वस्थपणा वाढला, जगू नये असं वाटलं, तर वाट न बघता लगेच यायचं. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही.

अण्णा पहिल्यांदाच आपण होऊन बोलले. "चार आठवडं? आमी फवारलं की तिसऱ्या दिवशी रिझल्ट दिसतो."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही वेल नाही."

परतीच्या एस.टी.त अण्णा एवढंच म्हणाले, "बाईला शेतीतलं काय कळत न्हाई." कित्येक दिवसांनी त्यांनी कुणाला नावं ठेवली होती. काकूंनी पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बोलावून गोळ्यांच्या खोक्यातला तो घड्या घातलेला कागद पुढं केला. "लेबल वाचल्याबिगर आपन औषध वापरत न्हाई. वाच." बारीक अक्षरातलं इंग्रजी होतं. मी डिक्शनरीत बघत बघत सगळे दुष्परिणाम मराठीत सांगितले. डोकं दुखणं, मळमळ, जुलाब, बद्धकोष्ठ, घाम, थरथर, जास्त झोप, झोप न लागणं.

"थांब," अण्णा म्हणाले. "जुलाब बी आन् बद्धकोष्ठ बी?"

"दोन्ही लिहिलंय."

"आधी कंचं?"

 पुढं वजन वाढणं आणि वजन घटणंही होतं. त्याच्यापुढं एक ओळ आली ती मी वाचलीच नाही. ती नवराबायकोच्या संबंधांबद्दल होती, आणि समोर काकू भाजी निवडत होत्या.

"मधली वळ का सोडली गं?"

"ती... महत्त्वाची नाही, अण्णा."

"लेबलावरची समदी वळ म्हत्त्वाची असती."

काकूंनी माझा चेहरा बघितला, उठल्या, तो कागद ओढून घेतला आणि पिठाच्या डब्याखाली ठेवला. "झालं वाचून," म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत अण्णांना वाचलेल्यापैकी बहुतेक सगळं झालं. मळमळ खरी होती. ती डॉक्टरबाईंनी सांगितलीच होती. पण त्यांना घाम आला आणि थंडीही वाजली, आणि कमरेचा पट्टा एकदा सैल वाटला, एकदा घट्ट. फक्त न वाचलेली ओळ राहिली. ती पुढं खरी निघाली. काही महिन्यांनी तपासणीला गेल्यावर काकूंनीच मान खाली घालून डॉक्टरबाईंना ते सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे न सांगताच निम्मे लोक गोळी सोडून देतात. बरं केलंत." आणि त्यांनी डोस थोडा बदलला. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार नीट लागत नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अण्णा एकदा आपण होऊन उठले आणि म्हणाले, "दाढीचं पानी तापव." नंतर बागेत गेले. येताना एका वेलीची कुणी चुकीची छाटणी केलीय म्हणून गड्याला शिव्या देत आले. त्या शिव्या ऐकून गल्लीतली दारं उघडली.

आता खरं तर गोष्ट संपायला हवी. पण बरे झालेले अण्णा आजारी अण्णांपेक्षा जास्त धोक्याचे निघाले. एखादं औषध आपल्या बागेला लागू पडलं की शेजाऱ्याला त्यातली अर्धी बाटली द्यायची, ही आमच्याकडची रीत आहे. अण्णांनी ती पाळली. बापूकाकांना झोप येत नाही असं कळल्यावर त्यांनी पाकिटातल्या चार गोळ्या कात्रीनं कापून त्यांच्या हातावर ठेवल्या. "घे. लय भारी माल हाय. सांगू नगंस कुनाला."

बापूकाका म्हणजे खाटेच्या कडेला बसून "सोडून द्यायचं" म्हणून ओरडणारे. त्यांनी चार दिवसांचा माल एका संध्याकाळी घेतला, वर गुडघ्याची गोळी आणि त्यावर त्यांचा नेहमीचा ग्लास. मग बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर पसरलेल्या मालाशेजारी ते उलट्या करून आडवे झाले. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनवर एक दिवस काढून बरे झाले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं? बापूकाका म्हणाले, "आमच्या दिनकरची फवारनी."

डॉक्टरबाईंना हे कळल्यावर त्या अण्णांना खूप बोलल्या. अण्णांनी ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "बापूचा वाणच येगळा हाय. त्याला ते झेपलं न्हाई." म्हणजे चूक बापूकाकांच्या वाणाची.

मग सुप्रियाचं स्थळ आलं. सुप्रिया ही अण्णांची एकुलती एक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मुलगा लोणंदचा, कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर. घरचा कांद्याचा व्यापार. पाहुणे येणार म्हणून घराला रंग दिला. आणि अण्णांनी आपल्या मनाशी एक हिशोब केला, जो फक्त एक्स्पोर्टवाला बागायतदारच करू शकतो.

परदेशी जाणाऱ्या द्राक्षाची तपासणी होते. औषधाचा अंश सापडला तर माल परत. म्हणून काढणीच्या आधी ठरावीक दिवस फवारणी बंद ठेवतात, म्हणजे मण्यात काही शिल्लक राहत नाही. अण्णांनी पाहुणे येण्याची तारीख ही काढणीची तारीख धरली, मागं मोजलं, आणि गुपचूप गोळी बंद केली. पाहुण्यांच्या तपासणीत आपल्यात काही सापडायला नको.

चार-पाच दिवसांत त्यांना मान वळवली की गरगरायला लागलं. डोक्यात वायरीला हात लागल्यासारखे झटके यायचे. रात्री घामानं उशी भिजायची, भलतीच स्वप्नं पडायची. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी डोळे भरायचे. काकू विचारायच्या, "आवं, गोळी घेताय न्हवं?" आणि अण्णा म्हणायचे, "व्हय, व्हय." त्यांच्या हिशोबानं हे सगळं अंगातून औषध निघून चालल्याचं लक्षण होतं. म्हणजे काम बरोबर चाललं होतं.

पाहुणे आले. मी पोह्यांच्या ताटल्या देऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मुलाचे मामा लोणंदच्या कांदा बाजाराबद्दल बोलत होते. अण्णांनी दोनदा घाम पुसला. मग मामांनी सहज विचारलं, "मग बाग किती आपली?"

"तुमास्नी बाग द्यायचीय का पोरगी?" अण्णा एकदम ओरडले.

 काकू पुढं झाल्या, "तसं न्हवं ओ, चेष्टेनं म्हनत्यात." अण्णा सारवासारव करायला उठले, मान वळवली, आणि तोल जाऊन सरळ मामांच्या मांडीवर बसले. तरीही बिचारे पाहुणे सांभाळून घेत होते. मुलाची आई हसून म्हणाली, "बसा बसा. पोहे मात्र छान झालेत हं."

हे ऐकून अण्णा मामांच्या मांडीवर बसल्या बसल्या रडायला लागले.

लोणंदहून नकार आला. जाताना त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीवर चौकशी केली होती, आणि टपरीवाल्यानं गावाच्या वतीनं माहिती दिली होती: "डोक्याच्या गोळ्या खात्यात." झालं. गोळ्या खाऊन अण्णा सहा महिने बाग सांभाळत होते, हसत होते, शिव्या देत होते, तेव्हा कुणाला गोळी दिसली नाही. गोळी बंद केल्यावर जे झालं ते सगळं गोळीच्या नावावर जमा झालं. बापूकाका पुन्हा येऊन खाटेच्या कडेला बसले. "तरी म्या सांगत हुतो, ती गोळी वंगाळ." त्यांचा अनुभव होताच.

आणि अण्णा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले.

या वेळी कुणी हसलं नाही. एका दुपारी ते भिंतीकडे बघतच काकूंना म्हणाले, "म्या नसतो तर पोरीचं जमलं असतं." अगदी हिशोबाच्या आवाजात. काकू उठल्या, बागेच्या औषधांच्या खोलीला मोठं कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. मग मला म्हणाल्या, "पोरी, बाईंना फोन लाव. आत्ता." फोन झाला, डॉक्टरबाईंनी त्याच संध्याकाळी बोलावलं. अण्णा हलेनात. "कशाला? परत गोळी, परत गावात बोभाटा. हिचं दुसरं स्थळ बी मोडंल."

तेव्हा सुप्रिया आतून आली. ती फारशी बोलणारी मुलगी नव्हती. म्हणाली, "आण्णा, माझं लगीन न्हाई झालं तर मी बिनलग्नाची राहीन. तुमी न्हाई ऱ्हायला तर मी काय राहीन, ते सांगा आधी."

 अण्णांनी पाय खाली सोडले आणि चपला मागितल्या.

डॉक्टरबाईंनी गोळी कशी परत सुरू करायची ते नीट सांगितलं आणि म्हणाल्या, "कायमची घ्यावी लागेल असं मी म्हणत नाही. पण बंद करायची तेव्हा आपण दोघं मिळून, हळूहळू कमी करत बंद करू. एकदम नाही." काकूंना त्यांनी सांगितलं की सध्या यांना एकटं सोडू नका. अण्णांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. मी वाट बघत होते की ते बागेतलं काहीतरी म्हणतील. म्हणाले नाहीत. मला ते फार वाईट वाटलं, आणि बरंही.

पुढच्या वर्षी मी पदवी संपवून साताऱ्याला एका ऑफिसात लागले. निघायच्या दिवशीच सुप्रियाला बघायला उंब्रजचे लोक यायचे होते. मुलाचे वडील फौजेतून निवृत्त झालेले, ताठ बसणारे, कमी बोलणारे. मी जाता जाता निरोप घ्यायला गेले तर बैठक सुरू झाली होती. चहा यायच्या आधीच अण्णांनी घसा साफ केला.

"पाव्हनं, आदी एक सांगतो. टपरीवर इचारायला नगो. मला मनाचा आजार झालता. गोळी चालू हाय. डॉक्टर हळूहळू कमी करत्यात. मधी म्या आपल्या अकलेनं बंद केलती, तवा लय वंगाळ झालं. आता तुमी काय ते बगा."

  फौजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं मात्र पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "मग आता रातची झोप लागती का तुमास्नी?"

"लागती," अण्णा म्हणाले.

"सलग?"

"सलग."

त्या आपल्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. फौजी तसेच ताठ होते, पण त्यांनी बायकोची नजर चुकवली. अण्णांनी ते बघितलं. मान तिरकी केली नाही, डोळे बारीक केले नाहीत, निदान केलं नाही. नुसते उठले आणि म्हणाले, "चला, बाग दावतो."

माझी एस.टी. चुकली असती म्हणून मी मागच्या दारानं निघाले. परसातून पाहिलं तर दोघं वेलींच्या मांडवाच्या कडेला उभे होते. फौजी बोलत होते. खाली बघत, हातानं एकाच वेलीची साल सोलत, थांबून थांबून. अण्णा ऐकत होते, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच मधे बोलत नव्हते. घरात चहा निवत होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुप्रियाचा दबका आवाज आला, "आई, ठरलं का न्हाई?"

"गप," काकू म्हणाल्या. "बोलू दे त्यास्नी."